सहा चाळीसची बस

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

‘माझं वय ४३. गोव्यात डिचोली तालुक्यात राहतो. कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत स्टोअर्समध्ये १७ वर्षं होतो. जुलैमध्ये आम्हा नऊ जणांना एकेक करून केबिनमध्ये बोलावलं आणि राजीनामे लिहून घेतले. तेव्हापासून झोप नाही. पहाटे तीनला जाग येते आणि केबिनमधलं तेच बोलणं डोक्यात फिरत राहतं. कंपनीची बस अजून आमच्या घरासमोरून सहा चाळीसला जाते. हॉर्न ऐकला की छातीत धडधडतं. गणेश चवथीला मूळ घरी गेलो, पण आरतीला वाजवायचं घुमट हातात घेतलं नाही. वडिलांना नोकरी गेल्याचं अजून सांगितलेलं नाही. ते खाणीवर होते. २०१२ साली घरी बसले आणि वर्षभर सोप्यावर नुसते बसून असायचे, कोणाशी बोलायचे नाहीत. मी तसाच होतोय असं वाटतं. बायकोच्या आग्रहाने इस्पितळात गेलो. डॉक्टरांनी कागदावर ‘अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर’ लिहिलं, झोपेच्या दहा गोळ्या दिल्या आणि समुपदेशनाला बोलावलं. मी परत गेलो नाही. मेहुणा म्हणतो, असलं काही नसतं, अ‍ॅडजस्ट करून घे. नोकरी मिळाली की हे आपोआप जाईल ना? आणि पुढच्या कंपनीला हे कळेल का?’

स. न. वि. वि.

तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर एक ओळ खोडलेली आहे. नुसती रेघ मारलेली नाही, पेन इतक्या वेळा फिरवलंय की कागद मागून उठून आलाय. दिव्यासमोर धरल्यावर पहिले दोन-तीन शब्द लागले. ते इथे छापत नाही, पण तुमचे बाकीचे प्रश्न थोडे थांबवून आधी त्या ओळीबद्दल विचारते. जीव नकोसा होतो का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का? असं सरळ विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. असलेला बाहेर यायला मात्र वाट मिळते.

उत्तर ‘हो’ असेल, अगदी ‘कधीकधी’ असलं तरी, हा अंक बाजूला ठेवून आधी बायकोला सांगा आणि आजची रात्र एकटे राहू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. फोन फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. विचार जोर धरत असेल तर १०८ला फोन करा, नाहीतर कोणाला तरी सोबत घेऊन सरळ बांबोळीचं इस्पितळ गाठा. ‘अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर’ हे नाव ऐकायला सौम्य वाटतं म्हणून घरचे आणि कधीकधी डॉक्टरसुद्धा ते हलक्यात घेतात. पण या दुखण्यातही असे विचार येतात, आणि काही वेळा एकाएकी येतात.

आता नावाबद्दल. मला ते नाव आवडत नाही. आपल्याकडे ‘अ‍ॅडजस्ट करा’ म्हणजे कदंबा बसमधल्या तीन माणसांच्या सीटवर चौथ्याला जागा द्या. त्यामुळे कागदावर तो शब्द दिसला की वाटतं, डॉक्टरांनी आपल्याला नापास केलं: सगळे सरकून बसले, याला एकट्याला जमलं नाही. पुस्तकी मराठीतला ‘समायोजन विकार’ तर त्याहून कोरडा. डॉक्टरांना म्हणायचं असतं ते साधं आहे. आयुष्यात एक ठरावीक धक्का बसला, त्यानंतर तीन महिन्यांच्या आत झोप, मन, कामाची उमेद बिघडली, आणि हे बिघडणं अशा प्रसंगी कोणालाही होणाऱ्या त्रासापेक्षा जास्त आहे किंवा रोजचे व्यवहार अडवतंय. आजाराच्या व्याख्येतच कारण लिहिलेलं असावं असे आजार मनोविकारशास्त्रात थोडेच आहेत, आणि हा त्यातला एक. ‘तुमच्यात खोट आहे’ यापेक्षा ‘तुमच्यावर काहीतरी कोसळलंय’ हेच त्या दोन शब्दांत जास्त आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणात या आजाराची एक मुख्य खूण सांगितली आहे: त्या घटनेतच मन अडकून राहणं. तेच तेच आठवणं, तीच काळजी परत परत करणं. तुमची पहाटे तीनची केबिन म्हणजे हेच. मी काय बोलायला हवं होतं, सही का केली, पंख्याचा आवाज, टेबलावरचा तो पेन. तुम्ही पेनचा रंगसुद्धा लिहिलाय. अडीच महिन्यांनी!

हे नैराश्य आहे का, ते ठरवणं डॉक्टरांचं काम. ढोबळ फरक असा, की दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ दिवसभर मन खाली असेल, कशातच रस उरला नसेल, भूक-झोप-एकाग्रता सगळंच गेलं असेल, तर डॉक्टर नैराश्याचं निदान करतात, मग कारण नोकरी असो वा आणखी काही. तुम्ही लिहिलंय की मुलगी फुटबॉलच्या सामन्याला घेऊन गेली तेव्हा तासभर बरं वाटलं. ही चांगली खूण आहे. पण तुम्ही डॉक्टरांना भेटलात त्याला महिना झाला. महिन्यात चित्र बदलू शकतं, म्हणून परत जायचंय. त्याबद्दल पुढे लिहिते.

‘नोकरी मिळाली की आपोआप जाईल ना?’ अर्धं उत्तर हो. धक्का आणि त्याचे परिणाम संपले की हा त्रास साधारण सहा महिन्यांत ओसरतो. पण तुमच्या बाबतीत परिणाम संपलेले नाहीत, ते रोज सकाळी सहा चाळीसला हॉर्न देत जातात. आणि नोकरीची वाट बघत अंथरुणात पडून राहिलात तर मुलाखतीला जायची उमेदच उरणार नाही. मग नोकरी नाही म्हणून बरं नाही आणि बरं नाही म्हणून नोकरी नाही, असं चक्र सुरू होतं.

नोकरी म्हणजे पगार, असं आपण धरून चालतो. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गाव होतं. तिथली एकुलती एक गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला मानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन अभ्यास केला. लोकांना आता वेळच वेळ होता, तर वाचनालयात गर्दी व्हायला हवी होती. झालं उलटंच: वर्गणी काढून टाकूनही पुस्तकं नेणं जवळजवळ निम्म्यावर आलं. संशोधक खिडकीआड उभे राहून घड्याळ लावून लोकांची चाल मोजायचे. बेकार पुरुष हळू चालायचे, वाटेत परत परत थांबायचे. बायकांच्या पायांना मात्र वेग होता, कारण चूल, कपडे, मुलं हे काम कुठे बंद पडलं होतं? दिवसभर काय केलं ते तासातासाने लिहायला सांगितलं, तर एकाने मधल्या वेळापुढे एवढंच लिहिलं, की तोवर दुपार होते.

याहोदाबाईंनी पुढे आयुष्यभर हाच विषय धरला. नोकरी पगाराव्यतिरिक्तही माणसाला खूप काही देते, असं त्यांचं म्हणणं: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, आपल्यापेक्षा मोठ्या कामात वाटा, लोकांत एक ओळख, आणि मनात असो-नसो, हातपाय हलवायची सक्ती. तुम्ही पत्रात पैशाबद्दल दोन ओळी लिहिल्यात आणि बसबद्दल अर्धं पान. बसमधली तुमची डावीकडची तिसरी खिडकी, फर्मागुढीच्या चढावर सगळ्यांना लागणारी डुलकी, कोणाच्या तरी डब्यातल्या सोलकढीची बाटली सांडल्याचा किस्सा. तुमचा पगार गेलाय, पण तुम्ही शोक करताय तो त्या खिडकीचा, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मग करायचं काय? उद्यापासून ती बस अंथरुणात झोपून ऐकायची नाही. साडेसहाला तुम्ही घराबाहेर असायचं. दात घासून, शर्ट घालून, पायांत चप्पल नव्हे तर बूट. चालत देवळापर्यंत किंवा नदीपर्यंत जा, पाववाला पोदेर दिसला तर चार पाव घेऊन परत या. बस समोरून गेली तर जाऊ दे. ओळखीच्या कोणी हात केला तर तुम्हीही करा. पहिले तीन-चार दिवस धडधडेल, पण माणूस तोंड देत राहिला की ती धडधड थकते. दार लावून बसलं की पोसते.

मग दिवसाला तीन कामं, आदल्या रात्री वहीत लिहून ठेवलेली. एक नोकरीचं, म्हणजे अर्ज, फोन, जुन्या सहकाऱ्याची भेट. एक घरचं. आणि एक असं, की ज्यात पूर्वी जीव रमायचा. हे तिसरं लोक पहिल्यांदा सोडतात. म्हणतात, मूड आला की बघू. इथे क्रम उलटा असतो: आधी हात चालतात, मूड मागून येतो. तुमच्या बाबतीत ते घुमट आहे. चवथ गेली, पण भजनं आहेत, आणि घुमटाला काही तिथी लागत नाही. चामडं सैल झालं असेल तर ऊन दाखवा. पहिल्या दिवशी दहा मिनिटं वाजवलंत तरी वहीत खूण करा.

हे मी पदरचं सांगत नाही, आणि पाश्चात्त्यांचं पाठांतरही करत नाही. पर्वरीच्या ‘संगाथ’ संस्थेने आपल्याच गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत हीच पद्धत वापरून पाहिली. तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी बोलणारे समुपदेशक ना डॉक्टर होते ना मानसशास्त्रज्ञ. गावातलीच, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. सहा ते आठ बैठका, आणि त्यात मुख्यतः हेच, की काय सोडलंय आणि त्यातलं काय परत सुरू करता येईल. तीन महिन्यांनी या गटातले शंभरातले ६४ जण नैराश्यातून बाहेर आले होते, आणि केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांतले ३९. हा अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तो नैराश्यावरचा होता, तुमच्या निदानावरचा नव्हे, हे सांगायला हवं. पण तुम्हाला समुपदेशनाला बोलावलंय तिथे याच जातीचं काम होतं. खाटेवर आडवं करून लहानपणाबद्दल विचारतील अशी धास्ती असेल तर ती सोडा.

पहाटे तीनची केबिन सुरू झाली की वीसेक मिनिटं वाट बघा. झोप येत नसेल तर उठा, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचा, डोळे जड झाले की परत जा. मोबाइल नको. केबिनला मात्र दिवसा वेळ द्या, संध्याकाळी पाच ते साडेपाच, वही घेऊन. जे बोलायला हवं होतं ते सगळं लिहा, शिव्यांसकट. रात्री ती आली की तिला सांगा, तुझी वेळ पाचची. हसाल, पण बऱ्याच जणांना याचा उपयोग होतो. आणि दुपारची झोप. गोंयकाराला दुपारी झोपू नकोस म्हणणं म्हणजे अगोचरपणा, हे मलाही कळतं, तेव्हा अर्धा तास मान्य. दोन ते साडेचार नाही.

‘थोडी घेतो’ असं तुम्ही लिहिलंय. थोडी म्हणजे किती, हे मला नका सांगू, पण डॉक्टरांना खरं सांगा. दारूने डोळा लवकर लागतो, आणि उत्तररात्री झोप मोडते. तुम्हाला तीनला जाग येण्यात तिचाही हात असू शकतो. झोपेची गोळी आणि दारू एका रात्री कधीच नाही. दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतात. गोळ्या दहाच दिल्या त्याचं कारण, त्यांची सवय लागते. त्या थोड्या दिवसांची कुबडी म्हणून असतात, आणि या आजाराचा मुख्य उपचार बोलणं आणि दिवस सावरणं हाच आहे. फार्मसीवाला ओळखीचा आहे म्हणून परस्पर आणखी आणू नका. मेहुण्याच्या घरातल्या उरलेल्या तर नकोच.

पुढच्या कंपनीला कळेल का? तुम्ही सांगितल्याशिवाय नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ही माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला दिलेला आहे. डॉक्टर किंवा इस्पितळ ती तुमच्या मालकाला देऊ शकत नाही. तरीही आपल्याकडे ‘बांबोळीला गेला’ हे वाक्य कुजबुजतच बोललं जातं. पूर्वी बांबोळीचं ते मानसोपचाराचं इस्पितळ पणजीला आल्तिनोवर होतं आणि त्याला आबे फारिया यांचं नाव होतं. तेच कांदोळीला जन्मलेले, मांडवीकाठी ज्यांचा पुतळा आहे ते. संमोहनातला चमत्कार संमोहन करणाऱ्याच्या हातात नसतो, तो समोरच्याच्या मनातून घडतो, असं त्यांनी दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये सांगितलं. तुम्ही पत्रात चार वेळा लिहिलंय, ‘माझ्यात आता काही राहिलं नाही’. हीच सूचना दिवसातून शंभर वेळा स्वतःला देत असाल तर मन ती पाळणारच. समुपदेशकाकडे गेलात की पहिल्यांदा हेच वाक्य टेबलावर ठेवा.

पैशाचं थोडक्यात, कारण पहाटे तीनला आकडे वाढतात आणि कागदावर ते जागेवर बसतात. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी जात नाही. दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० असेल तर १५ दिवसांचे १५,०००, आणि १७ वर्षांचे २,५५,०००. ही रक्कम ३० दिवसांत मिळायला हवी होती. मिळाली का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. राजीनामा दबावाखाली घेतला असेल तर कामगारकपातीची भरपाई मागता येते का, हे पणजीला पाट्टोवरच्या श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तालयात जाऊन विचारा. ‘सुपरवायझर’ ही पाटी होती म्हणून आपण कामगार नाही, असं धरून बसू नका. प्रत्यक्ष काम काय करत होता ते बघतात. बाकीच्या आठ जणांना सोबत न्या. ही एक फेरी पगारासाठी जितकी, तितकीच झोपेसाठी.

त्या आठ जणांना तुम्ही जुलैनंतर भेटला नाहीत, हे वाचून मी थांबले. २०१२च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोली-सत्तरीतून मला ढीगभर पत्रं यायची. ट्रकांचे हप्ते, बार्जवरचे पोरगे, गॅरेजवाले, खानावळवाल्या. हाल फार झाले. पण त्या पत्रांत राग होता, काळजी होती, लाज फारशी नव्हती. अख्खा गाव एका दिवसात बसला, तेव्हा कोणी कोणाला काय विचारणार? तुमचं तसं नाही. बस भरून जाते, त्यात तुमची एक खिडकी रिकामी. म्हणून शेजारी ‘रजा काढलीय काय?’ विचारतो तेव्हा तुम्हाला ते टोचतं. एकट्याची नोकरी जाते तेव्हा माणूस कारण स्वतःत शोधायला लागतो. नऊ जण एका टेबलाभोवती बसलात की ते कारण आपोआप केबिनकडे परत जाईल.

आणि वडील. तुम्ही त्यांना अडीच महिने काय काय सांगताय: कंपनीत ऑडिट आहे, शिफ्ट बदलली, चवथीला रजा कमी मिळाली. गणपतीवरच्या माटोळीला कांगलां आणि तोरिंग ही फळं बांधताना ते तुमच्याकडे बघत होते आणि तुम्ही खाली मान घालून सुंभ कापत होता, हे तुम्हीच लिहिलंय. त्यांना कळलं नसेल असं खरंच वाटतं तुम्हाला? वर्षभर सोप्यावर बसून काढलेला माणूस आहे तो. बसलेला माणूस कसा दिसतो, हे घरात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तुम्हाला त्यांच्यासारखं व्हायची भीती वाटते. पण तुम्हीच पुढे एका ओळीत लिहिलंय, की नंतर त्यांनी भाटात पोफळी लावल्या आणि आज त्यांची सुपारी बाजारात जाते. म्हणजे ते सोप्यावरून उठले. का उठले, कशाने उठले, कोणत्या दिवशी, हे तुम्ही त्यांना कधी विचारलेलं नाही. तुमच्या घरात या विषयातला जाणकार माणूस बसलाय, आणि तुम्ही मला पत्र लिहिताय.

येत्या रविवारी जा. भाषण नको. ‘बाबा, जुलैत नोकरी गेली’, एवढंच. ते कदाचित काही बोलणार नाहीत, त्या पिढीची तीच रीत. गप्प बसले तर तुम्हीही सोप्यावर शेजारी बसा. चहा येईल.

मेहुण्याला काही समजावू नका, त्यात ताकद घालवू नका. त्याच्या ओळखीने कुठे काम लागत असेल तर मात्र जरूर विचारा.

समुपदेशनाची पुढची तारीख याच आठवड्यात घ्या, पहिल्या वेळी बायकोला सोबत न्या. आणि मला परत लिहा. खोडाखोड झाली तरी चालेल, फक्त वाचता येईल अशी खोडा.